नुसतं ‘गो’

आमच्या घरात नवराबायकोनं एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. आई बाबांना ‘आयकलांत काय’ म्हणायची आणि बाबा आईला नुसतं ‘गो’ म्हणायचे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, आमचं मालवणी ‘गो’ म्हणजे तुमचं ‘गं’. पण तुम्ही ‘गं’ कशाच्या तरी मागेपुढे लावता. अगं ऐक, काय गं, आई गं. बाबा ते कशालाच लावायचे नाहीत. दारातून आत पाऊल टाकलं की मोठ्यानं ‘गो’, मग आतून आईचा ‘ओ’. एवढं झालं की बाबा घरी आले असं धरायचं. मधे मी समोर उभी असले तरी माझ्याशी बोलणं त्या ‘ओ’नंतरच.

आवाज त्यांचा दांडगा. तरुणपणी ते गिरणीत मागावर होते. तिथे शेजारच्याला ‘विडी दे’ म्हणायचं तरी बोंबलावं लागतं. गिरणी बंद पडली, मग मरोळला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले, तिथेही तेच. कानठळ्या बसतील अशा जागांत उभं आयुष्य गेल्यावर माणूस घरात हळू कसा बोलणार? घाटकोपरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ते खाली भाजीवाल्याशी बोलत असले की आई वर चहाचं आधण ठेवायची. मला लहानपणी लाज वाटायची त्या आवाजाची. सगळ्या बिल्डिंगला आमच्याकडे आज बांगडे आहेत की कोलंबी ते कळायचं.

मग घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर आई रोज धुतलेलं मलमलचं फडकं बांधायची. बाबा श्वास त्या भोकातून घ्यायचे आणि तोंडातून काहीच यायचं नाही. ओठ हलायचे, जीभ हलायची, सवयीनं मान मागे जायची, आवाज नाही. पहिले काही दिवस ते दारातून आत येऊन तसाच ‘गो’चा आकार करायचे तोंडाचा, आणि आई आत भांडी घासत असायची. तिला कसं कळणार? मी मधे उभी राहून ते बघायचे.

हॉस्पिटलमध्ये गळ्याला टेकवायचं एक यंत्र देऊन बघितलं. बाबांनी एकदा लावलं, घरघर ऐकली, यंत्र खाली ठेवलं आणि परत हात लावला नाही. मग पाटी आणली. पाटीवर ते लिहायचे, छान वळणदार लिहायचे. पण लिहिलेलं वाचायला माणसाला जवळ यावं लागतं, आणि आई दिवसभर स्वयंपाकघरात. तिला बोलवायचं कसं? त्यांनी चमच्यानं ताट वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी आई बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘ताट कित्याक वाजवतात? मी काय कुत्री?’’

बाबांनी चमचा ठेवून दिला. त्यानंतर त्यांना काही हवं असलं तर ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे. ती वळेपर्यंत. कधीकधी बराच वेळ.

मी लिनक्स ॲडमिन आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. लग्न केलं नाही, आईबाबांबरोबरच राहते, मरोळला नोकरी. सर्व्हरवर लिनक्स चढवायचं, ते नीट चालतंय ना बघायचं, बिघडलं की उठवायचं, हे माझं काम. कुणी विचारलं काय करतेस, तर मी सांगते मशीन चालू ठेवते. बाबांना ते लगेच कळलं होतं. त्यांनीही तेच केलं जन्मभर. आईला मात्र अजून वाटतं की मी कॉम्प्युटरवर टायपिंग करते आणि त्यासाठी मला फारच पगार मिळतो.

तर मी ठरवलं की बाबांना आवाज करून द्यायचा. मोबाइलवर ॲप असतात, मला माहीत आहे, सल्ला देऊ नका. प्रेसवर बाबांची बोटं अशी जाडजूड झाली होती की मोबाइलच्या पडद्यावर एका बोटाखाली चार अक्षरं यायची. म्हणून ऑफिसातून काढून टाकलेला एक जुना डेस्कटॉप विचारून घरी आणला. मोठा कीबोर्ड, मोठी बटणं. एका रविवारी सकाळी हॉलमध्ये टेबलावर मांडला आणि त्यावर लिनक्स टाकायला बसले. बाबा खुर्ची ओढून शेजारी.

लिनक्स सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत जातात. कुठला भाग उठला, कुठला उठला नाही, त्याची ती माहिती असते. बहुतेक लोकांना नको असते म्हणून ती चित्राखाली लपवतात. मीही लपवणार होते. बाबांनी माझा हात धरला आणि पाटीवर लिहिलं, ‘ताणो सरकता तसो दिसता. रवांदे.’ मागावरचे उभे धागे सरकतात तसं, राहू दे. मग मी राहू दिलं. नंतर रोज सकाळी ते मशीन लावायचे आणि ओळी थांबेपर्यंत पापणी न हलवता बघत बसायचे.

बाकी सगळं मी काढून टाकलं. खिडक्या नाहीत, माउस नाही. मशीन सुरू झालं की काळा पडदा आणि मोठाली पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा, मशीन ती ओळ मराठीत बोलणार. इंटरनेटशिवाय बोलणारा एक फुकट प्रोग्राम होता, त्याला मराठी येत होतं, म्हणजे असं त्यात लिहिलं होतं. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांच्या शेजारी मराठी अक्षरं लावून बघितली, तर बाबा गोंधळायचे. म्हणून प्रत्येक बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली, इंग्रजी पूर्ण झाकून टाकलं आणि वर काळ्या पेननं फक्त मराठी लिहिलं. काना, मात्रा, वेलांट्या, सगळ्याला वेगळं बटण. बाबांनी एक बोट सगळ्या बटणांवरून फिरवलं. मी म्हटलं, ‘‘बोला आता.’’

त्यांनी काय लिहिलं ते सांगायला नको. ग शोधला, मग ओकाराचं बटण शोधलं. पुढे लिहिलं, ‘आयकलंस?’ आणि एंटर दाबला.

मशीन म्हणालं, ‘‘गो. आयकलन्स.’’

मला हसू आलं. बाबाही खांदे हलवून हसले. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात उलथनं, चेहरा लालबुंद. मला वाटलं आनंद झालाय.

‘‘ह्यो कोण मेलो माका गो म्हणता?’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘‘अगं आई, बाबा बोलतायत. मशीनमधून.’’

तिनं मशीनकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. ‘‘ह्यो तेंचो आवाज नाय,’’ असं म्हणून ती आत गेली आणि पोळपाट आपटल्याचा आवाज आला.

तेव्हा मला वाटलं, उच्चारांचा प्रश्न आहे. मी तंत्रज्ञ माणूस, मला तसंच वाटणार. त्या प्रोग्रामला अनुस्वार दिसला की तो सरळ न नाहीतर म बोलायचा. लंस म्हणजे लन्स, खंय म्हणजे खम्य. ‘जाता’मधला ज जहाजातला न म्हणता जेवणातला म्हणायचा, ज्याता. वाट लागली होती सगळी. पण त्यात उच्चारांची एक फाइल असते. डावीकडे शब्द, उजवीकडे तो कसा म्हणायचा ते. ती फाइल आपल्याला बदलता येते, कुणाची परवानगी लागत नाही, लिनक्समध्ये मला आवडतं ते हेच. मग आम्ही दोघं लागलो त्यामागे. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन बसायचे, बाबा एकेक मालवणी शब्द लिहून बोलवायचे आणि तोंड वाकडं करायचे. मी फाइलमध्ये दुरुस्त करायचे, परत बोलवायचे. परत वाकडं तोंड. ‘खंय’ला, म्हणजे तुमच्या ‘कुठे’ला, फार दिवस लागले. बरोबर आल्यावर बाबांनी तो एकच शब्द इतक्या वेळा बोलवला की शेजारच्या काकू विचारायला आल्या काय हरवलंय म्हणून.

आवाजाचंही तसंच. मूळचा आवाज ऐकून बाबांनी लिहिलं, ‘ह्यो मास्तर.’ मी जाड केला तर, ‘ह्यो कंडक्टर.’ शेवटी खूप खाली नेला, थोडी खरखर मिसळली, वेग कमी केला, तेव्हा त्यांनी मान हलवली. बाबांचा नव्हताच तो. त्यांचा आवाज कुणी कधी रेकॉर्ड करून ठेवला नव्हता. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा आवाज कोण रेकॉर्ड करून ठेवतं? तो कायमच असणार होता. पण निदान हा कंडक्टर नव्हता.

आई मात्र हलेना. मशीननं ‘पाणी हवं’ म्हटलं तर पाणी आणून द्यायची. ‘औषध’ म्हटलं तर औषध. ‘गो’ म्हटलं की जागच्या जागी दगड. एकदा मी चिडले. मी म्हटलं, ‘‘आई, तू ओ का देत नाहीस? त्यांना किती वाईट वाटतं कळत नाही का तुला?’’

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘माका परक्यान गो म्हटलेला खपाचा नाय. माजी आवस, तुजी आजी, म्हणी, सासू म्हणी, आणि हे म्हणीत. त्या डब्यात कोण बसलाहा, माका काय ठावक?’’

‘‘बाबाच आहेत गं त्यात.’’

‘‘तू बसवलंस तो,’’ ती म्हणाली.

खरंच होतं. मीच बसवला होता.

हे बाबांनी ऐकलं. कान शाबूत होते त्यांचे. त्यानंतर त्यांनी ‘गो’ लिहिणं बंद केलं. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. पाणी, चहा, पंखा लाव, पेपर आला काय, मासे कुठले आणलेस, सगळं बोलायचे. बिल्डिंगमधली मंडळी आली तर मशीनवर थट्टामस्करी करायचे. पण आईशी बोलताना हाक गाळून सरळ वाक्य. म्हणजे ऑफिसात कुणी शिपायाला सांगतं तसं. असं बरेच महिने चाललं. आणि मग एक दिवस आम्ही दोघी भाजी चिरत असताना आईच मला म्हणाली, ‘‘आता हे माका हाक पण मारनत नाय.’’

मी सुरी खाली ठेवली. मला ओरडावंसं वाटलं. तूच ना गं, तूच ना ओ दिली नाहीस? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि समोर कांदा नव्हता, दुधी होता. दोघंही माझेच. एक हाक मारत नाही म्हणून ही रडतेय, आणि ही ओ देणार नाही म्हणून तो मारत नाही. असा गुंता सर्व्हरमध्ये झाला असता तर मी सोडवला असता. दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत अडकून बसतात, तेव्हा त्यांतला एक मारून टाकायचा आणि परत सुरू करायचा, सोपं असतं. घरात तसं चालत नाही.

त्यानंतर रोग फुप्फुसात आला. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही, घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघू. मी हो हो म्हणत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ही दोघं अशी, न बोलता, राहिली तर? आईला हे जन्मभर पुरेल. पुढे कितीही वर्षं जगली तरी तिला आठवत राहील की ते हाक मारत होते आणि मी ओ दिली नाही. मला बाबांच्या मरणाची भीती वाटत होती, पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती याची वाटत होती.

मी आईला समजावलं, विनवलं, भांडले. बाबांनाही म्हटलं, तुम्ही मारा ना हाक, ती देईल ओ. बाबांनी लिहिलं, ‘जबरदस्ती नको चेडवा.’ मशीननं ते वाचलं, खाली आवाजात. चेडवा, म्हणजे पोरी, हा शब्द त्यात मीच दुरुस्त करून घातला होता.

एक दिवस दुपारी ऑफिसात माझा मोबाइल वाजला. आई स्वतःहून कधी फोन करत नाही, ऑफिसात तर नाहीच. मी लगेच उचलला.

‘‘अगो, हे बोलनत नाय,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे? श्वास घेतायत ना? आई, छाती बघ, हलतेय?’’

‘‘श्वास घेतत. बसलेहत समोर. बोलनत नाय. सकाळपासून एक शबुद नाय.’’

मला उलगडायला जरा वेळ लागला. बिल्डिंगमध्ये लिफ्टचं काम चाललं होतं, सकाळपासून वीज दोनतीनदा गेली आली होती. बाबांना काही झालं नव्हतं. मशीन उठत नव्हतं. वीज अचानक गेली की डिस्कवरची मांडणी कधीकधी विस्कटते आणि लिनक्स अर्ध्या वाटेत थांबून म्हणतं, आधी हे नीट करा. पण आई मशीन बंद पडलं म्हणाली नाही. हे बोलत नाहीत म्हणाली.

एरवी मी ऑफिसातून घरच्या मशीनमध्ये शिरून दुरुस्त केलं असतं, पण या अवस्थेत ते नेटवर्कवर येतच नाही. समोर बसलेल्या माणसालाच टाइप करावं लागतं. समोर बाबा, त्यांना बोलता येत नाही. फोनवर आई, तिला इंग्रजी येत नाही. आणि कीबोर्डवरचं सगळं इंग्रजी मी स्वतःच चिकटपट्टीखाली गाडलेलं.

‘‘पडद्यावर काय दिसतंय?’’

‘‘धवी अक्षरा आसत. खालती एक काठी लुकलुकता.’’

‘‘पांढरी अक्षरं, बरं. आता मी सांगते ती बटणं बाबांना दाबायला सांग. पडद्यावर वेडंवाकडं इंग्रजी येईल, घाबरू नका.’’

डिस्क तपासून दुरुस्त करायचा हुकूम इंग्रजी अक्षरांत असतो. कुठल्या इंग्रजी अक्षरावर मी कुठलं मराठी चिकटवलं ते डोळे मिटून आठवत मी सांगत गेले. ‘‘पहिली वेलांटी. मग एक मात्रा. मग म. मग क.’’

आई चौथी शिकलेली. काना-मात्रा तिला पक्क्या येतात. शाळेत घालायच्या आधी मला तिनंच शिकवल्या होत्या. ती माझं ऐकून बाबांना सांगत होती, ‘‘पयली वेलांटी, पयली, दुसरी न्हय. हां. आता मात्रा. म. क.’’ आणि पलीकडून बटणांचा आवाज येत होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे वळून बघायला लागला. मी मरोळच्या ऑफिसात उभी राहून लिनक्सचा हुकूम बाराखडीतून सांगत होते आणि मला रडू येत होतं.

बराच वेळ गेला. मधे एकदा बाबांनी दुसरी वेलांटी दाबली आणि सगळं पुसून परत करावं लागलं. आई त्यांच्यावर करवादली, ‘‘सांगलंय ना पयली?’’ नंतर डिस्क दुरुस्त होत असताना ओळी सरकायला लागल्या. मी विचारलं, ‘‘सरकतायत का?’’ आई म्हणाली, ‘‘सरकतत. हे बघतत.’’

शेवटी बाहेर पडायचा हुकूम. ‘‘काना. टिंब. ग. दुसरो उकार. एंटर.’’ मीही मालवणी बोलायला लागले होते.

आई म्हणाली, ‘‘काळो पडदो इलो. मोठो.’’

तोच त्यांचा पडदा. म्हणजे उठलं. मी म्हटलं, ‘‘झालं आई. आता बोलायला सांग काहीतरी.’’

फोनमधून बटणाचा आवाज आला. मग थोडी शांतता, त्यांचं बोट दुसरं बटण शोधत असेल. मग दुसरा आवाज. एंटर.

‘‘गो,’’ मशीन म्हणालं.

आई त्यांच्या शेजारीच उभी होती, हाक मारायची काही गरज नव्हती. मी फोन कानाशी दाबून ऐकत होते. ऑफिसात कुणीतरी माझ्याशी काहीतरी बोललं, मी हातानं गप्प केलं.

‘‘ओ,’’ आई म्हणाली. आणि लगेच मला म्हणाली, ‘‘ठेव आता फोन.’’

मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले.

त्यानंतर ती दोघं जी सुटली. बाबा उठसूट हाक मारायचे. ‘‘गो.’’ ‘‘ओ.’’ ‘‘काय नाय.’’ आई वैतागायची, ‘‘मेला काम करूक देनत नाय माणूस,’’ आणि परत हाक आली की परत ओ. माहेरच्या गोष्टी निघाल्या, गावच्या घरामागच्या फणसाच्या निघाल्या, मला कधीच माहीत नसलेली भांडणं निघाली. मी सोयीसाठी म्हणून एका बटणावर ‘गो’ तयार करून दिलं होतं, एकदा दाबलं की झालं. बाबांनी ते वापरलं नाही. बोट उचलायला जड जायला लागलं तरी ग शोधायचे, मग ओकार शोधायचे, मग एंटर. आई तोवर आत हात पुसून तयार असायची. पहिलं बटण वाजलं की तिला कळायचं. तरी ती हाक पूर्ण होईपर्यंत थांबायची आणि मगच ओ द्यायची.

शेवटी शेवटी त्यांना खुर्चीत बसवेना. मी कीबोर्ड पलंगावर आणून दिला. एका सकाळी त्यांनी ग दाबला आणि बोट तिथेच राहिलं. पडद्यावर ग ग ग ग अशी ओळ लागली. आईनं ओ दिली, बोट उचलून हातात घेतलं, आणि तशीच बसून राहिली. दुपारपर्यंत बाबा गेले.

बारावं-तेरावं झालं, पाहुणे गेले. टेबलावरचं मशीन चालूच होतं, बंद कर असं कुणी म्हणालं नाही, मीही केलं नाही. माझी नोकरी सुरू झाली. मी त्यावर अपडेट घालत होते, डिस्क तपासत होते. कशासाठी, ते मला विचारू नका. चालू मशीनची काळजी घ्यायची एवढंच मला येतं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आई मशीनसमोर बाबांच्या खुर्चीत बसलेली. दिवा लावला नव्हता.

‘‘ह्या अजून बोलता?’’ तिनं विचारलं.

‘‘बोलेल की. काही बिघडलेलं नाही.’’

‘‘तसाच बोलात? तेंच्यासारखा?’’

‘‘तोच आवाज आहे आई. काहीच बदललेलं नाही.’’

ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याजवळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. ‘‘मार बघू हाक,’’ म्हणाली.

मला नको होतं. पण तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी बसले. ग दाबला. घाई केली नाही, बाबा थांबायचे तेवढी थांबले. ओकार दाबला. एंटर. तेच मशीन, तीच फाइल, तोच खाली नेलेला, खरखर मिसळलेला आवाज, एका तसूचाही फरक नाही, हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगते.

‘‘गो.’’

आई हलली नाही. मी वाट बघितली. आतून ओ आली नाही. मग ती वळून म्हणाली, ‘‘ही तू मारलंस.’’

‘‘आई, अगं तोच आवाज—’’

‘‘आवाज तोच आसा. हाक तुजी,’’ ती म्हणाली. रागानं नाही, समजुतीनं. मला रडू फुटलं तशी बाहेर आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘रडा नको गो.’’

मला ‘गो’ म्हणणारी ती आहे. तिची आई गेली, सासू गेली, आता बाबा गेले. तिला कुणी ‘आई गं’ म्हणेल, काकू म्हणेल, आजी म्हणेल. नुसतं ‘गो’ म्हणणारं आता कुणी नाही.